दुखण्याचे निरोपे



औषधशास्त्रावर बोलायला एखाद्या डॉक्टरला किंवा प्राध्यापकाला न बोलावता कामगार संघटनेतल्या माणसाला उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि मोंढ्याच्या ओट्यावर व गावोगावच्या वाचनालयांत पुष्कळ, असे झालेले आहे. परंतु हमाल, जिनिंगमधले कामगार आणि ऊसतोडीला जाणारी माणसे यांच्यात उमेदीची सारी वर्षे काढल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ती अशी की, या मंडळींच्या खिशात तंबाखूच्या पुडीबरोबर हल्ली गोळ्यांची एक पट्टी असते. संध्याकाळी पाठ धरली की एक गोळी, पहाटे उठवेना की दुसरी. ही गोळी पोटात गेल्यावर नेमके काय करते, हे शोधण्यात काही माणसांनी आपली हयात घालविली. त्यांच्या कामाची हकीकत सांगावी, आणि ती ऐकून कष्टकरी माणसाने काय शिकावे याचा विचार करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम दुखणे म्हणजे काय ते पाहू. आपल्या या चारठाण्याची जुनी देवळे ज्या पाथरवटांनी घडविली, त्यांचीही बोटे कधी ना कधी हातोडीखाली सापडली असतीलच. बोट चेचले की ते लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. रोममधल्या सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ही चार लक्षणे लिहून ठेविली. पुढे त्यांत पाचव्याची भर पडली, ती म्हणजे त्या अवयवाचे काम बंद पडणे. या साऱ्या प्रकाराला शास्त्रात दाह म्हणतात. लक्षणे दोन हजार वर्षांपूर्वी समजली, पण ती घडवून आणतो कोण, हे मात्र विसावे शतक उजाडेपर्यंत कोणालाच सांगता येत नव्हते.

याचे उत्तर असे निघाले की, जखम झालेल्या जागी शरीर स्वतःच काही द्रव्ये तयार करते आणि ती निरोप्याचे काम करतात. एक निरोप्या रक्तवाहिन्यांना सांगतो, 'रुंद व्हा, इकडे रक्त जास्त पाठवा'. दुसरा सांगतो, 'भिंती सैल सोडा, पांढऱ्या पेशींना बाहेर येऊ द्या'. तिसरा मज्जातंतूला जागा करतो. हिस्टामिन हा असाच एक निरोप्या असून इंग्लंडात हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी 1910 साली त्याचे गुण वर्णिले. 1930 नंतरच्या काही वर्षांत स्वीडनच्या फॉन ऑयलर यांना आणखी एक द्रव्य सापडले. ते प्रोस्टेट ग्रंथीत तयार होत असावे अशा समजुतीने त्यांनी त्याचे नाव प्रोस्टाग्लँडिन ठेविले. पुढे ते शरीरात जवळजवळ सर्वत्र तयार होते असे दिसले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. 1949 साली ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सोबत्यांनी जराराका नावाच्या विषारी सापाचे विष रक्तात मिसळून पाहिले, तेव्हा त्यातून ब्रॅडिकायनिन नावाचा तिसरा निरोप्या हाती लागला. हा रक्तदाब खाली आणतो आणि दुखवितोही.

आता ज्याची हकीकत सांगायची त्या माणसाकडे येऊ. जॉन व्हेन यांचा जन्म 1927 साली इंग्लंडातल्या वूस्टरशायर परगण्यातला. बाराव्या वर्षी त्यांना रसायनाचे प्रयोग करण्याची पेटी भेट मिळाली. स्वयंपाकघरात प्रयोग करताना एक स्फोट होऊन नुकत्याच रंगविलेल्या भिंती खराब झाल्या, तेव्हा वडिलांनी मुलाला रागे भरण्याऐवजी बागेत लाकडी खोपटे बांधून दिले. इतका रसायनाचा नाद, पण बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात ते शास्त्र इतके रुक्ष रीतीने शिकविले गेले की मुलाचे मन उडाले. पुढे काय करणार असे प्राध्यापकांनी विचारताच, रसायन सोडून काहीही, असे उत्तर त्यांनी दिले. ऑक्सफर्डच्या प्राध्यापक बर्न यांना औषधशास्त्र शिकणारा तरुण हवा होता, ती जागा पुढे आली. व्हेन यांनी ती घेतली आणि मग औषधशास्त्र म्हणजे काय हे पाहायला ते वाचनालयात गेले! ज्यांनी पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहून आपले शिक्षण पुरे केले, अशा आमच्यासारख्यांना ही गोष्ट फार धीर देणारी वाटते.

1955 साली व्हेन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये आले आणि 1973 पर्यंत तेथे राहिले. त्यांचे पहिले मोठे काम म्हणजे एक युक्ती. निरोपे द्रव्ये रक्तात अत्यल्प असतात आणि कित्येकदा काही क्षणांतच नाहीशी होतात. बाटलीत भरून सावकाश तपासावे म्हटले तर हाती काही उरत नाही. तेव्हा व्हेन यांनी उंदराच्या जठराची, कोंबडीच्या पिल्लाच्या आतड्याची, सशाच्या रक्तवाहिनीची अशा निरनिराळ्या पट्ट्या एकाखाली एक टांगल्या आणि प्राण्याच्या शरीरातून येणारी ताज्या रक्ताची धार वरून खाली त्यांवरून सोडली. एक पट्टी एका द्रव्याने आखडते, दुसरी दुसऱ्याने, तिसरी कशाने तरी सैल पडते. प्रत्येक पट्टीला जोडलेली लेखणी काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ ओढी. कोणत्या पट्ट्या हलल्या ते पाहून धारेतून कोणता निरोप्या आताच गेला हे ओळखायचे. विहिरीच्या पाटावर चार माणसे उभी करावीत आणि पाण्यातून काय वाहत गेले हे त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखावे, तसाच हा प्रकार.

या युक्तीने पहिले गुपित उलगडले ते फुप्फुसाचे. फुप्फुसे म्हणजे हवा घेण्याचे भाते, अशी आपली समजूत. वस्तुतः शरीरातले सारे रक्त फुप्फुसांतून फिरूनच पुन्हा बाहेर पडते. तेव्हा पूर्वी गावोगावच्या वेशीवर जसे जकातनाके असत, तसेच हे फुप्फुस रक्तातल्या निरोप्यांसाठी नाका आहे असे दिसून आले. ब्रॅडिकायनिन या नाक्यावर बहुतांशी अडते, अ‍ॅड्रिनॅलिन मात्र बेधडक पार होते. आणि अँजिओटेन्सिन नावाचे एक द्रव्य आत जाताना निरुपद्रवी असते, पण बाहेर पडते ते रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढविणारे होऊन.

याच प्रयोगशाळेत आपल्याला एक ओळखीचे आडनाव भेटते, बखले. वाय. एस. बखले; सहकारी त्यांना मिक म्हणत. बखले हे आडनाव मराठी कानाला सांगावे लागत नाही. फुप्फुसाच्या नाक्यावर अँजिओटेन्सिनचे रूप बदलणारे विकर, म्हणजे शरीरातली क्रिया घडवून आणणारे द्रव्य, त्यांनी कुत्र्याच्या फुप्फुसाच्या अर्कात अभ्यासिले आणि 1968 साली 'नेचर' या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या सुमारास ब्राझीलहून सर्जिओ फरेरा नावाचे तरुण संशोधक लंडनला आले होते. त्यांच्या सामानात त्याच जराराका सापाच्या विषाचा अर्क होता. हा अर्क ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवितो असे त्यांनी 1965 साली दाखविले होते. बखले यांनी तो आपल्या विकरावर टाकून पाहिला आणि विकराचे काम थांबले.

यात काय मोठे घडले, असे आपण विचाराल. ज्या विषाने सर्पदंश झालेल्या माणसाचा रक्तदाब कोसळतो, त्या विषातच रक्तदाबावरच्या औषधाची किल्ली सापडली. व्हेन यांनी अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीला या वाटेने जाण्याचा सल्ला दिला. तेथे कुशमन आणि ओंडेट्टी यांनी विषातल्या घटकाच्या धर्तीवर तोंडाने घेता येणारे साधे औषध घडविले. त्याचे नाव कॅप्टोप्रिल, आणि अमेरिकेत त्याला 1981 साली परवानगी मिळाली. आज आपल्या गावात रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येते, त्या सर्व याच घराण्यातल्या. त्या घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला लागतो. त्याचेही कारण याच हकिकतीत आहे, असे मानले जाते. तेच विकर ब्रॅडिकायनिनला नष्ट करीत असते. विकर थांबले की ब्रॅडिकायनिन साचते, आणि खोकला येतो.

बखले यांनी पुढेही हा विषय सोडला नाही. 1974 साली त्यांनी व्हेन यांच्यासह फुप्फुसाच्या या कामाचा मोठा आढावा लिहिला आणि 1977 साली दोघांनी मिळून त्यावर ग्रंथ संपादित केला. 1996 साली त्यांनी दाहातल्या प्रोस्टाग्लँडिनच्या विकरावर रेजिना बॉटिंग यांच्यासह लिहिले. म्हणजे पहिल्या निबंधापासून जवळजवळ तीस वर्षे हा माणूस याच निरोप्यांच्या मागे होता. अशा माणसांचे पुतळे होत नाहीत. पण एखादी इमारत उभी राहते ती कळसावर नाव कोरणाऱ्यामुळे नव्हे, हे पाथरवटांच्या या गावाला निराळे सांगायला नको.

आता त्या गोळीकडे वळू. विलो नावाच्या झाडाची साल तापावर चालते असे एडवर्ड स्टोन या पाद्र्याने 1763 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले होते. त्या सालीतल्या द्रव्याचा धागा धरून जर्मनीच्या बायर कंपनीत 1897 साली अ‍ॅस्पिरिन तयार झाले आणि 1899 मध्ये ते बाजारात आले. त्यानंतर सत्तर वर्षे साऱ्या जगाने ही गोळी गिळली, पण ती काम कशी करते हे कोणालाच ठाऊक नव्हते. ताप उतरतो, सूज उतरते, ठणका थांबतो. तीन निराळी कामे एकच गोळी कशी करते?

1969 साली व्हेन आणि प्रिसिला पायपर यांनी गिनीपिगच्या फुप्फुसातून बाहेर पडणारे एक द्रव्य पट्ट्यांच्या युक्तीने पकडले. त्याचे बाहेर पडणे अ‍ॅस्पिरिनने थांबते असे त्यांना दिसले. हा धागा व्हेन यांच्या मनात राहिला. 1971 साली त्यांना वाटले की, गोळी निरोप्याला अडवीत नसेल, तर निरोप्याचा जन्मच होऊ देत नसेल! त्यांनी गिनीपिगच्या फुप्फुसाचा लगदा घेतला, त्यात प्रोस्टाग्लँडिन बनविण्याचा कच्चा माल घातला आणि अ‍ॅस्पिरिन मिसळले. प्रोस्टाग्लँडिन तयार होणे घटले. त्याच वर्षी जूनमध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. सोबत आणखी दोन निबंध होते. एक स्मिथ आणि विलिस यांचा माणसाच्या रक्तातल्या बिंबाणूंवर, म्हणजे रक्त गोठविणाऱ्या बारीक कणांवर. दुसरा फरेरा, साल्व्हादोर मोन्काडा आणि व्हेन यांचा, कुत्र्याच्या प्लीहेवरचा. तिन्हींचे उत्तर एकच.

मग सारे कोडे सुटत गेले. मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ताप चढविते. ते थांबले की ताप उतरतो. जखमेत ते रक्तवाहिन्या रुंदावते. ते थांबले की सूज कमी होते. आणि दुखण्याबाबत फरेरा यांनी दाखविलेली गोष्ट तर फारच मार्मिक आहे. प्रोस्टाग्लँडिन स्वतः फारसे दुखवीत नाही. ते मज्जातंतूचे कान तिखट करते. मग ब्रॅडिकायनिनची कुजबुजही त्याला आरोळीसारखी ऐकू येते. गोळीने कान पुन्हा पहिल्यासारखे होतात, इतकेच. आरोळी देणारा तेथेच असतो. हे वाक्य, श्रोतेहो, आपण लक्षात ठेवा. आमच्या आजच्या बोलण्याचे सार त्यात आहे.

1982 साली व्हेन यांना स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर त्यांच्या गटाने 1976 मध्ये प्रोस्टासायक्लिन नावाचा आणखी एक निरोप्या शोधला होता. तो रक्तवाहिन्यांच्या भिंतीत तयार होतो आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही. याच्या उलट बिंबाणूंतले थ्राँबॉक्सेन गुठळ्या करविते. अ‍ॅस्पिरिन बिंबाणूंतले विकर कायमचे बंद करते. बिंबाणूंना केंद्रक नसल्यामुळे त्यांना नवे विकर घडविता येत नाही, आणि ते आठदहा दिवस जगतात तितके दिवस त्यांची कळ बंदच राहते. म्हणून हृदयविकाराचा झटका एकदा येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर रोज अगदी लहान मात्रा देतात. आणि याच कारणाने डेंग्यूच्या तापात ही गोळी घेऊ नये. त्यात आधीच बिंबाणू कमी होतात आणि रक्तस्राव बळावतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. प्रोस्टाग्लँडिन केवळ दुखण्याचे दूत नाहीत. जठराच्या आतल्या अस्तराचे ते रक्षण करतात, आणि अंगातले पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त चालू ठेवतात. गोळीला जागा निवडता येत नाही. ती पाठीतले दूत थांबविते, तेव्हाच जठरातले आणि मूत्रपिंडातलेही थांबविते. म्हणून रोज दोन गोळ्या खाणाऱ्याच्या जठरात व्रण पडू शकतो, काळी शौचाला होऊ शकते. आणि वैशाखाच्या उन्हात, पुरेसे पाणी न पिता, घामाघूम होऊन थप्पी लावणारा हमाल जेव्हा रिकाम्या पोटी गोळी घेतो, तेव्हा तो आपल्या मूत्रपिंडाचा शेवटचा आधार काढून घेत असतो. आमच्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे सांगणे व्यासपीठावरची विद्वत्ता नव्हे, जीवनमरणाची गोष्ट आहे.

1990 च्या सुमारास असे आढळले की, या विकराचे दोन प्रकार आहेत. एक जठरासारख्या ठिकाणी नित्याचे काम करतो, दुसरा मुख्यतः दाहाच्या वेळी कामाला लागतो. तेव्हा दुसऱ्यालाच अडविणाऱ्या गोळ्या काढाव्यात, म्हणजे जठर वाचेल, अशी आशा निर्माण झाली. 1999 साली अशीच एक गोळी, रोफेकॉक्सिब, बाजारात आली. तिने जठर पुष्कळ वाचले, पण हृदयविकाराचे झटके वाढले, आणि सप्टेंबर 2004 मध्ये कंपनीने ती जगभर मागे घेतली. शरीरात जो जो निरोप्या आहे, त्याला तेथे काही काम आहे. त्याचे तोंड बंद करायचे तर किंमत कोठे तरी मोजावी लागते.

या किमतीचे एक उदाहरण आपल्या डोक्यावरच्या आभाळात आहे. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल की, शिवाराबाहेर मेलेले ढोर टाकले की थोड्या वेळात गिधाडांचा थवा उतरे. आज लहान मुलांना गिधाड चित्रात दाखवावे लागते. 2004 साली असे सिद्ध झाले की, गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध, जे अ‍ॅस्पिरिनच्याच जातीचे आहे, मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडतात. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात 1992 ते 2007 या काळात शंभरातून एकसुद्धा उरली नाहीत. सरकारने 2006 साली गुरांसाठी हे औषध बनविण्यावर बंदी घातली. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हाती होते. तरी गेलेले थवे परतले नाहीत.

आता विचार करा. लंगडणाऱ्या बैलाला सुई का टोचली जाई? पुष्कळदा त्याची खांदेसूज बरी व्हावी म्हणून नव्हे, तर तो उद्या पुन्हा जुवाखाली उभा राहावा म्हणून. आणि हमाल गोळी का खातो? त्यालाही उद्या थप्पीवर चढायचे असते. एका जिनिंगमध्ये आम्ही असे पाहिले आहे की, मुकादम हजेरीच्या पेटीतच गोळ्यांची पट्टी ठेवी आणि कुरकुर करणाऱ्याला चहाबरोबर एक देई. कामगारांनी सावली मागितली, प्यायला पाणी मागितले, पोत्याचे वजन उतरविण्याची मागणी केली, आणि मिळाली गोळी. मज्जातंतूचे कान शांत झाले, पण कंबरेच्या मणक्यावरचे ओझे तेवढेच राहिले. आरोळी देणारा तेथेच होता.

मित्रहो, आम्ही औषधाच्या विरुद्ध बोलत नाही. संधिवाताने आखडलेल्या म्हातारीला ज्या गोळीने रात्रीची झोप मिळते, त्या गोळीला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, जेवून, पाणी पिऊन, नेमके दिवस घेतलेली गोळी हे मोठे वरदान आहे. आमचे म्हणणे इतकेच की, दुखणे हा आधी निरोप असतो. शरीर सांगते की, अमुक ठिकाणी माझे काही मोडत आहे, थांब. तो निरोप वाचल्यावाचून फाडून टाकणे हा अडाणीपणा. दुसऱ्याचा निरोप आपल्या फायद्यासाठी फाडणे हा अन्याय.

निरोप वाचला गेला तर काय होऊ शकते, तेही सांगतो. 1967 साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने शिफारस केली की, प्रौढ पुरुष कामगाराच्या अंगावर 55 किलोहून अधिक ओझे देऊ नये. आपल्या महाराष्ट्राने 1969 साली माथाडी, हमाल आणि इतर अंगमेहनती कामगारांचा कायदा केला, तो हमालांनी आपल्या पाठीचे दुखणे रस्त्यावर आणून मांडले म्हणून. एका पोत्यात क्विंटलभर माल भरण्याची जुनी रीत गेली आणि पन्नास किलोचे पोते रुळले, याने जेवढ्या कंबरा वाचल्या असतील तेवढ्या एका कारखान्याच्या गोळ्यांनी वाचल्या नसत्या. विश्रांती, पाणी, सावली आणि बेताचे ओझे ही औषधे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. ती एकजुटीने मागून घ्यावी लागतात.

व्हेन 2004 साली वारले. बखले, फरेरा, पायपर, मोन्काडा अशा कितीतरी हातांनी मिळून हे काम तडीस नेले. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट केली: शरीर काय सांगते आहे, ते कान देऊन ऐकले. काजळीच्या कागदावर उमटलेली केसाएवढी रेघसुद्धा त्यांनी क्षुल्लक मानली नाही. कष्टकऱ्याच्या पाठीतून निघणाऱ्या कळेकडे आपण, त्याच्या शेजाऱ्यांनी, मालकांनी, डॉक्टरांनी आणि पंचायतीने, तितक्याच आदराने लक्ष दिले, तर या संशोधनाचा खरा लाभ चारठाण्याच्या वेशीपर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.